चौथ्या चौकोनातली खूण

जोडणीवाल्याला आपल्या उजव्या हाताचा फार गर्व होता. एवढा की पुढे त्याचं जे झालं ते ऐकून कुणीही म्हणेल, बरी जिरली. तो स्वतःही आता तसंच म्हणतो, आणि दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत म्हणतो.

इंटरनेटच्या कंपनीत तो सव्वीस वर्षं होता. आधी तांब्याच्या तारा ओढल्या, मग काचेचे धागे आले. खांबावरून ग्राहकाच्या घरापर्यंत धागा न्यायचा, टोक सोलायचं, कापायचं, यंत्रात धरून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि घरातल्या खोक्यावर हिरवा दिवा लागला की निघायचं. धागा केसाएवढा बारीक असतो. टोक तसूभर हललं तरी यंत्र जोड नाकारतं. जोडणीवाल्याचा जोड यंत्राने कधी नाकारला नव्हता, निदान तो तसं सांगत असे, आणि शिडीवरून सांगत असे. शिडीवरून बोलणाऱ्या माणसाचं लोक ऐकतात. त्यामुळे सगळ्या वस्तीत तो इंटरनेटमधला जाणकार ठरला होता. नळ दुरुस्त करणाऱ्याला धरणाबद्दल जेवढं माहीत असतं तेवढंच त्याला इंटरनेटबद्दल माहीत होतं, पण हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. आपण काय बघतो ते दुसऱ्याला कळू नये असं वाटत असेल तर काय करावं, असं कुणी दबक्या आवाजात विचारलं की तो तितक्याच दबक्या आवाजात सांगे, फोनमधली खासगी खिडकी, ती इनकॉग्निटो म्हणतात ती, उघडा, मागे काही उरत नाही. जणू ती खिडकी त्यानेच भिंत फोडून बसवली होती.

दिवा लागल्यावर एकच काम उरे, ते म्हणजे संमतीचा अर्ज. तो टॅबवर असे. त्यात चार ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन. नियम असा की ग्राहकाने ओळी वाचायच्या आणि पटेल तिथे खूण करायची. रीत वेगळी होती. एक जरी चौकोन रिकामा राहिला तरी टॅब कारण विचारत बसे, त्यात दहा मिनिटं जात, आणि दिवसाला सात घरं व्हायलाच हवीत. म्हणून कामावरची माणसं टॅब आपल्याकडेच ठेवत, वरून खालपर्यंत अंगठा फिरवत आणि फक्त सहीपुरता ग्राहकापुढे धरत. याला ते 'अंगठा फिरवणं' म्हणत. जोडणीवाल्याचा अंगठा सगळ्यांत जलद होता. नवीन माणसांना तो हे शिकवतही असे, आणि शिकवताना जरा मान ताठ करत असे.

स्वतःच्या घरीही त्याने हेच केलं. कर्मचाऱ्याची सवलत घरातल्या दुसऱ्याच्या नावावर मिळे, म्हणून जोडणी बायकोच्या नावावर होती. बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, कागद न वाचता सही करणं तिच्या जिवावर येई. तिने विचारलं, हे चौथं काय आहे? तो म्हणाला, काही नसतं गं, सगळेच करतात. त्याने स्वतः ती ओळ कधी वाचली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी बाजारातल्या खांबावर असताना त्याचा हात थरथरला. सुरुवातीला त्याला वाटलं, शिडी हलतेय. शिडी घट्ट होती. बोटांतलं टोक यंत्राच्या खाचेत जाईना. तीनदा जोड नाकारला गेला तेव्हा त्याने यंत्राला शिव्या घातल्या, संध्याकाळी ते ऑफिसात साफ करायला टाकलं आणि दुसरं घेतलं. दुसऱ्यानेही नाकारला. मग तो कोपर खांबाला दाबून काम करायला लागला, मग दोन्ही कोपरं. खालून बघणाऱ्याला वाटावं, हा खांबाला मिठी मारून रडतोय.

ऑफिसचा नियम त्याला पाठ होता. ज्याचा हात, डोळा किंवा तोल बिघडला त्याला शिडीवरून उतरवून तक्रार विभागात बसवत. कानाला यंत्र लावायचं आणि दिवसभर म्हणायचं, आपली अडचण आम्ही समजू शकतो. त्याच्या डोळ्यांदेखत दोघे तिथे गेले होते. त्यातल्या एकाला याने 'खुर्चीसम्राट' असं नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्या बिचाऱ्याला वरिष्ठही त्याच नावाने हाक मारू लागले. आता त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. लोकांना ठेवलेली नावं कधी ना कधी आपल्या दारात येतात, हे जोडणीवाल्याला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

बायकोला सांगायचं नाही हेही त्याने ठरवून टाकलं. तिच्या पोटात काही राहत नाही, असं तो मनाशी म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर कागद देईल, कागद ऑफिसात जाईल. कारण चांगलं रचलेलं होतं. खरी गोष्ट एवढीच होती की तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी ज्याच्याजवळ बोलायला हवं त्यालाच टाळतो.

मग त्याने विचारलं कुणाला, तर इंटरनेटला. रोज कामावरून आला की हातपाय धुऊन तो खोलीत बसे आणि खासगी खिडकी उघडून हात थरथरण्याची कारणं, उपाय, व्यायाम, असं सगळं शोधत राही. खिडकी बंद केली की मागे काही उरत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानेच तर सगळ्यांना सांगितलं होतं.

दोन आठवड्यांत घरात चमचे दिसू लागले. खरे नव्हेत, जाहिरातींतले. टीव्हीवर बातम्या लावल्या की आधी एक जाड दांड्याचा चमचा येई, हात कितीही हलला तरी सूप न सांडणारा. बायकोच्या फोनवर झाकणाचे कप आणि बटणांऐवजी चिकटपट्टी लावलेले सदरे आले. सगळ्यांत जास्त जाहिराती सासूबाईंच्या टॅबवर आल्या. त्या दिवसभर टॅबवर पत्ते खेळत, आणि प्रत्येक डावानंतर एक हसरा म्हातारा त्यांना न घसरणारी ताटली दाखवू लागला.

सासूबाई चार वर्षांपासून लेकीकडे राहत होत्या. वय एकोणऐंशी. घड्याळांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मोहरीएवढी चाकं चिमट्याने बसवली होती, आणि अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत. हातांवरून त्यांना कुणी काही बोललेलं खपत नसे. चौथ्या दिवशी चहा पिताना त्यांनी टॅब पालथा ठेवला आणि जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, मी जावं असं वाटत असेल तर सरळ सांगा. मुलाकडे माझी खोली अजून आहे. ताटल्या दाखवून कशाला सुचवता?"

जोडणीवाल्याला ठसका लागला. असल्या जाहिराती सगळ्यांनाच येतात, असं त्याने जाणकाराच्या आवाजात सांगितलं. बायकोने लगेच शेजारणीला विचारलं. शेजारणीला प्रवासाच्या बॅगा येत होत्या. बायकोने मग आपल्या पद्धतीने हिशोब मांडला: आपल्याच घरात येतात म्हणजे आपल्याच घरातून कुणीतरी शोधलंय, आणि ज्याचा हात थरथरायचं वय आहे असं घरात एकच माणूस आहे. आई काहीतरी लपवतेय, हे तिने नक्की केलं. अर्धा हिशोब अगदी बरोबर होता, आणि उरलेला अर्धा दुरुस्त करू शकणारा माणूस समोर बसून बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट कपात पडलं.

त्याच आठवड्यात तो एका बाईंकडे जोडणी द्यायला गेला. बाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, आता घरी बसून तेच करत. दिवा लागला, याने टॅब काढला, अंगठा फिरवला आणि सहीसाठी पुढे धरला. बाईंनी टॅब त्याच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. आजवर असं कुणी केलं नव्हतं. तो उभ्या उभ्या घड्याळ बघत राहिला. बाईंनी पहिल्या तीन ओळी सोडून दिल्या आणि चौथी त्याला मोठ्याने वाचून दाखवली. ग्राहक कोणती संकेतस्थळं बघतो याची नोंद कंपनी ठेवील आणि त्यानुसार त्या जोडणीवरच्या सर्व उपकरणांवर जाहिराती दाखवता याव्यात म्हणून ती नोंद व्यापाऱ्यांना देईल, याला माझी संमती आहे.

"म्हणजे मी घरात बसून काय वाचते ते तुम्ही दुकानदारांना सांगणार," बाई म्हणाल्या, "आणि माझी हरकत नाही हे तुम्ही मला न विचारताच लिहून टाकलंय."

आवाजात राग नव्हता. चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं. त्याने खूण काढली, टॅबने विचारलेली सगळी कारणं भरली, आणि त्यात दहा नाही, चारच मिनिटं गेली.

बाहेर येऊन त्याने ऑफिसातल्या मित्राला फोन केला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, खासगी खिडकीतलंही कळतं का रे? मित्र हसला. म्हणाला, खासगी खिडकी म्हणजे तुझा स्वतःचा फोन विसरतो एवढंच, तार तर आपली आहे ना, तारेवरून कुठे गेलास ते आपल्याला दिसणारच. तू इतकी वर्षं काय सांगत होतास लोकांना?

जोडणीवाला शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. त्याने मनात बेरीज केली. चौथी ओळ येऊन तीन वर्षं झाली होती, दिवसाला सात घरं धरली तर पाच हजारांच्या वर झाली. पाच हजार दारांच्या कड्या त्याने स्वतःच्या अंगठ्याने काढल्या होत्या, आणि वर घरातल्या माणसांना सांगितलं होतं, निश्चिंत झोपा. त्याला कोपऱ्यावरच्या इमारतीतली एक बाई आठवली. नवऱ्याला न कळता दुसऱ्या गावी नोकरी शोधायची होती तिला, तिने मान खाली घालून विचारलं होतं, आणि याने छातीवर हात ठेवून खासगी खिडकीची ग्वाही दिली होती. तिच्या घरात नवराही बघेल असा टीव्ही होता, तो त्याच जोडणीला त्यानेच जोडून दिला होता. या आठवणीवर मात्र त्याला हसता आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो तिच्या दारावर गेला तेव्हा तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं, आणि ती कुठे गेली हे कुणाला ठाऊक नव्हतं.

निदान आपल्या घरची खूण तरी काढावी म्हणून त्याने जिन्यात उभं राहून तक्रार विभागाला फोन लावला. फोनवरची मुलगी नम्र होती. जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बोलावं लागेल आणि कारण सांगावं लागेल, असं तिने सांगितलं. मी कंपनीतलाच आहे, असं तो म्हणाला. मग तर तुम्हाला नियम माहीतच असेल, असं ती म्हणाली. त्याने फोन ठेवला. आपल्या घरचं कुलूप आपणच घालून किल्ली बायकोच्या कंबरेला लावली होती, आणि ती मागायची तर का हवी ते सांगावं लागणार होतं.

तोवर बायकोने आईसाठी डॉक्टरची वेळ घेतली होती. सासूबाई जायला तयार नव्हत्या, पण लेकीचा पडलेला चेहरा बघून निघाल्या, आणि जोडणीवाल्यालाही सोबत जावं लागलं. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद टेबलावर ठेवल्यासारखा निवांत पडून राहिला. मग पेन दिलं आणि आतून बाहेर फिरत जाणारं वेटोळं काढायला सांगितलं. सासूबाईंनी एका दमात काढलं, छापल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, मलाच तुमच्याकडे तपासून घ्यायला हवं.

बायको डॉक्टरांना जाहिरातींचं सगळं सांगत बसली. मागच्या बाकावर जोडणीवाल्याने खिशातली नंबराची चिठ्ठी काढली, मांडीवर ठेवली आणि कुणी बघत नाही असं पाहून एक वेटोळं काढलं. ते कोंबडीचा पाय शाईत बुडवून ओढावा तसं आलं. त्याने दुसरं काढलं, ते पहिल्यापेक्षा वाईट आलं. मान वर केली तर सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, चिठ्ठी उचलून घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, चल, डॉक्टरांना आणखी पेशंट आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या हातून कप पडला. संध्याकाळी चमचा पडला. तिसऱ्या दिवशी त्यांचा डावा हात थरथरू लागला, चौथ्या दिवशी त्या विसरल्या आणि उजवा थरथरवला. नाटक इतकं वाईट होतं की शाळेच्या स्नेहसंमेलनातूनही काढून टाकलं असतं, पण बायकोने ते खरं मानलं, कारण तिला आधीपासूनच तेच वाटत होतं. ती मोठ्या डॉक्टरांचे पत्ते शोधू लागली. एकदा तिला सिंकपाशी पाठमोरी उभं राहून डोळे पुसताना जोडणीवाल्याने पाहिलं आणि तो पाय न वाजवता मागे फिरला. असल्या वेळी पाय न वाजवता मागे फिरण्यात तो पटाईत होता.

बायको शाळेत गेल्यावर तो सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि हे कशासाठी चाललंय असं विचारलं. सासूबाई पत्ते खेळत होत्या. हात स्थिर होता.

"कारखान्यात हात हलला की बाईला बाकावरून उठवत," त्या म्हणाल्या. "माझा हलला असता तर मीपण लपवलं असतं. तुमचं धाडस होईपर्यंत माझ्या नावावर असू दे. पण लवकर करा, जावईबापू. खांदा फार दुखतो हो हलवून."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. ज्या बाईने आयुष्यभर हातांवर एक शब्द ऐकून घेतला नाही, ती याच्यापायी लेकीसमोर कप फोडत होती, आणि हा त्या तुकड्यांची केरभरणी उचलत होता.

रविवारी दुपारी तो बायकोला घेऊन टेबलाशी बसला आणि तक्रार विभागाचा नंबर लावून फोन मोठ्या आवाजावर मध्ये ठेवला. इतकं झाल्यावर तरी त्याने खरं बोलावं की नाही? पण नाही. जाहिराती फार येतात, बंद करून टाकू, एवढंच तो तिला म्हणाला. जमलं तर अजूनही न सांगता निभावून न्यायचं त्याच्या मनात होतं. कॉल नोंदवला जात असल्याची सूचना झाली. मुलीने बायकोचं नाव, पत्ता पडताळला आणि कारण विचारलं.

"आमच्या घराशी या जाहिरातींचा संबंध नाही, असं लिहा," बायको म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "म्हणजे आहे. माझ्या आईचे हात अलीकडे थरथरतात. ते सारखं सारखं तिच्या डोळ्यांसमोर यायला नको."

"आईंचे नाही," जोडणीवाला म्हणाला. "माझे."

 मुलीने सांगितलं की खूण काढली आहे, उद्यापासून नोंद होणार नाही, मात्र आजवरची माहिती ज्यांना दिली गेली त्यांच्याकडून ती परत घेता येत नाही. आणखी काही मदत हवी का, असं तिने विचारलं. बायकोने फोन बंद केला.

त्याचं बोलणं नोंदवलं गेलं होतं, म्हणजे ऑफिसपासूनही लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. बायकोचा चेहरा बघून वाटलं नाही.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन महिने."

"म्हणजे आधी चमचे विकणाऱ्यांना कळलं. मग आईला. आणि मला आज."

त्याच्याजवळ तीन महिन्यांत जमवलेली बरीच कारणं होती. त्यातलं एकही तोंडाबाहेर काढण्याच्या लायकीचं नव्हतं. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि थरथरू दिला. तिने तो पाहिला आणि म्हणाली, त्यांना जे जे विचारलंत ते सगळं मला सांगा, पहिल्यापासून.

तो सांगू लागला. कारणं विचारली, गोळ्या विचारल्या, शिडीवर किती दिवस चढता येईल ते विचारलं. सदऱ्याची बटणं, दाढीचं पातं, सही. तेवढं सांगून तो थांबला. आणखी, ती म्हणाली. आणखी एक होतं, ते त्याने एकदाच विचारलं होतं आणि लगेच खिडकी बंद केली होती. हात गेलेला नवरा बायकोला नकोसा होतो का, हे ते. सांगताना तो टेबलाकडे बघत होता.

"हे मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नसतं."